साथीच्या काळात क्लबचं सेवाकार्य कसं उभं करायचं: नव्या मेंबरांसाठी

तुम्ही नुकतेच रोटरॅक्ट, लिओ (रोटरी आणि लायन्सचे तरुणांचे क्लब), एनएसएस किंवा आपल्या भागातल्या गणपती मंडळात आला असाल आणि कम्युनिटी सर्व्हिसचं काम तुमच्याकडे आलं असेल, तर हे वाचून ठेवा. मी २०२० आणि २०२१ मध्ये पुण्यात रोटरॅक्टमध्ये हे काम केलंय. लॉकडाऊन लागला तेव्हा कोणाकडेच तयार माहिती नव्हती, जो तो फोन करून विचारत होता की पास कुठे मिळतो, किट कसं भरायचं, पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे. परत अशी वेळ आली तर निदान ही फोनाफोनी वाचावी म्हणून लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. साथीत क्लबचं मोठं काम म्हणजे वाटप, असं सगळ्यांना वाटतं. वाटप लागतंच, पण त्याहून जास्त गरज असते ती अडलेला माणूस आणि सरकारी यंत्रणा यांची गाठ घालून देणाऱ्याची. रेशन आहे पण आजींना माहीत नाही, बेड आहे पण नातेवाईक चुकीच्या नंबरवर फोन लावतायत, योजना आहे पण फॉर्म कोण भरणार. हे काम वीस-बावीस वर्षांची पोरं फार चांगलं करतात कारण त्यांना फोन वापरता येतो, फॉर्म भरता येतात आणि पायात जोर असतो. खालचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

१. आधी साथ कशी पसरते ते नीट समजून घ्या

हे सोडून लोक थेट मास्क वाटायला निघतात. कोविड हवेतून, श्वासातून पसरायचा, म्हणून मास्क, अंतर आणि उघड्या खिडक्या महत्त्वाच्या होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे पेशंट सापडले, तो डासांमुळे पसरतो, तिथे मास्क वाटून काय उपयोग, तिथे कुंड्या, ड्रम आणि गच्चीवरची टायरं रिकामी करायला टीम लागते आणि गरोदर बायकांपर्यंत माहिती पोचवावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले तेव्हा संशय पाण्यावर होता, म्हणजे पाणी उकळून प्या हे सांगणं आणि क्लोरीनचे थेंब घरोघरी पोचवणं हे तिथलं काम.

माहिती महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून घ्या, ओळखीच्या एका डॉक्टरला क्लबचा सल्लागार करा आणि त्यांना विचारल्याशिवाय एकही पोस्टर छापू नका. व्हॉट्सॲपवरचा काढा, कापूर, लवंग असलं काही क्लबच्या नावाने फॉरवर्ड करायचं नाही.

आणि फवारणी. २०२० च्या एप्रिलमध्ये जागोजागी सॅनिटायझर टनेल उभे राहिले, माणसांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराईट मारायचे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात सांगितलं की माणसांवर फवारणी करू नका, त्याने डोळ्यांना, त्वचेला, श्वासाला त्रास होतो आणि आतला विषाणू काही मरत नाही. १ टक्का हायपोक्लोराईट हँडल, कठडे, संडासाची दारं पुसायला असतं. ते ॲसिडमध्ये कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो. टनेलवर खर्च करायला कोणी देणगी देत असेल तर त्याला प्रेमाने समजवा आणि त्या पैशात साबण घ्या.

२. टीम: कोण बाहेर जाणार, कोण घरून काम करणार

पहिल्या मीटिंगमध्ये उत्साहात सगळे हात वर करतात. प्रत्येकाला वेगवेगळं फोन करून विचारा: घरी साठीच्या पुढचं कोणी आहे का, कोणाला डायबेटिस, दमा, किडनीचं काही आहे का, घरात लहान बाळ किंवा गरोदर कोणी आहे का. ग्रुपमध्ये विचारलं तर लाजेखातर कोणी खरं सांगत नाही. असेल तर त्या मेंबरला घरून काम द्या आणि ते काम कमी दर्जाचं नाही हे सगळ्यांसमोर सांगा. अठरा वर्षांखालच्या मुलांना फील्डवर न्यायचं नाही, आणि मोठ्यांच्याही घरच्यांशी एकदा बोला. आईबाबांना न सांगता पळून आलेला व्हॉलंटिअर अर्ध्यात गायब होतो.

फील्डच्या टीमचे नियम आम्ही असे ठेवले होते: दोघांची जोडी, जोडी बदलायची नाही, म्हणजे एक आजारी पडला तर एकच जोडी घरी बसते, सगळा क्लब नाही. आठवड्यातले काही दिवस सक्तीची सुट्टी. घरी गेल्यावर आधी अंघोळ, कपडे वेगळे. ताप, घसा, अंगदुखी काहीही असलं तर न लपवता सांगायचं. कोण कुठल्या वस्तीत कधी गेलं याची नोंद रोज एका शीटमध्ये, कारण कोणी पॉझिटिव्ह आलं तर कोणाला कळवायचं हे त्याशिवाय कळतच नाही.

वापरलेले मास्क, ग्लोव्हज रस्त्यावरच्या कुंडीत टाकू नका, तो कचरा कोणीतरी हाताने उचलतं. घरच्या मास्कसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचना होती की कापून, कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवायचे आणि मगच सुक्या कचऱ्यात द्यायचे. आमचा सगळा कचरा शेवटी कचरावेचक ताईंच्या हातात जायचा, त्यामुळे ही शिस्त मोडलेली मला अजिबात चालायची नाही.

३. परवानग्या आणि कागदपत्रं

साथरोग कायदा १८९७ सालचा आहे, इथल्या प्लेगच्या वेळी आलेला, आणि त्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ लागतो. म्हणजे जिल्हाधिकारी किंवा आयुक्त जो आदेश काढतात तो मोडला तर सरळ गुन्हा दाखल होऊ शकतो, तुम्ही सेवा करत होतात हे कारण चालत नाही. आदेश दर थोड्या दिवसांनी बदलतात, म्हणून क्लबमधल्या एका माणसाचं काम एवढंच ठेवा की नवा आदेश आला की वाचायचा आणि काय बदललं ते चार ओळीत ग्रुपवर टाकायचं.

ही फाईल तयार ठेवा, कागदावर आणि मोबाईलवर दोन्हीकडे:

- क्लबचं लेटरहेड, चार्टरची (क्लबच्या मान्यतापत्राची) कॉपी, प्रेसिडेंट-सेक्रेटरीच्या सहीचं व्हॉलंटिअरचं पत्र
- प्रत्येक व्हॉलंटिअरचं आधार किंवा लायसन्स, फोटो, रक्तगट, घरचा इमर्जन्सी नंबर
- गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी
- पोलिसांचा पास (२०२० मध्ये राज्य पोलिसांचा ऑनलाइन ई-पास होता, कारण आणि मार्ग लिहून मिळायचा)
- ज्या वस्तीत जाणार तिथल्या क्षेत्रीय कार्यालयाला आणि पोलीस चौकीला दिलेल्या पत्राची पोच
- स्पॉन्सर क्लबचं (ज्या मोठ्या क्लबने तुमचा क्लब उभा केला त्याचं) किंवा कॉलेजचं संमतीपत्र
- पॅन, बँक पासबुक, पावतीपुस्तक

पोच घेतल्याशिवाय पत्र दिलं असं समजू नका. आणि पास एका माणसाच्या नावावर असेल तर तो दुसऱ्याने वापरायचा नाही, नाक्यावर पकडलं तर पुढे सगळ्या क्लबला पास मिळायचे बंद होतात.

एक अडचण जवळजवळ प्रत्येक क्लबला येते. कंटेन्मेंट झोनच्या आत बाहेरच्या व्हॉलंटिअरला जाता येत नाही. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये पुण्यातले भवानी पेठ, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट हे सगळे भाग हॉटस्पॉट होते आणि मदत तिथेच सगळ्यात जास्त हवी होती. अशा वेळी सामान बॅरिकेडपाशी द्यायचं आणि आतलं वाटप आतल्याच लोकांनी करायचं, म्हणजे तिथलं मंडळ, आशा ताई, अंगणवाडी सेविका. त्यांची ओळख साथ यायच्या आधी झालेली असेल तर निम्मं काम झालं असं समजा. म्हणून नेहमीच्या दिवसातले प्रोजेक्टही शक्यतो एकाच वस्तीत वर्षानुवर्षं करा, दर महिन्याला नवी वस्ती शोधू नका.

४. पैशाचा व्यवहार

कोणाच्या तरी वैयक्तिक जीपेचा क्यूआर ग्रुपवर टाकू नका. घाई असते, भावना चांगली असते, पण चार दिवसात त्या मुलाच्या खात्यात स्वतःचे आणि लोकांचे पैसे असे मिसळतात की हिशोब लागत नाही आणि मग त्याच्यावरच शंका घेतात. स्पॉन्सर क्लबच्या ट्रस्टचं खातं वापरा. ८०जी ची (देणगीवरच्या करसवलतीची) पावती ८०जी ची मान्यता असलेली संस्थाच देऊ शकते, क्लबच्या लेटरहेडवरची पावती इन्कम टॅक्सला चालत नाही. २००० रुपयांच्या वरची देणगी रोखीत घेतली तर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगा.

नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसकडून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी लागते, गणेशोत्सवाच्या वर्गणीला घेतात तीच.

परदेशातले नातेवाईक आणि मित्र मदत करायला उतावीळ असतात आणि इथेच नवीन लोक अडकतात. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा दुबईतला मावसभाऊ स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवू शकतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण तोच जर अमेरिकन नागरिक झालेला असेल, किंवा तिथल्या महाराष्ट्र मंडळाने सगळ्यांकडून जमवून एकरकमी पाठवले, तर एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायचा सरकारी परवाना) लागतो, आणि तुमच्या क्लबकडे तो बहुतेक नसतोच. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए असलेली एक संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेला फिरवूनही देऊ शकत नाही. मग त्यांना सरळ सांगायचं की ज्या मोठ्या संस्थेकडे एफसीआरए आहे तिलाच द्या, आणि आम्ही व्हॉलंटिअर म्हणून त्यांच्यासोबत काम करतो.

हिशोब दर रविवारी सगळ्यांना दिसेल असा टाका. आले किती, गेले किती, बिल कुठलं. हे तीन कॉलम असले तरी पुरे.

५. गरज शोधा, यादी करा

यादी करताना एकाच घराला चार संस्था किट देतात आणि पलीकडच्या गल्लीत काहीच जात नाही, हे सगळ्या शहरात झालं. उपाय साधा आहे, आसपासच्या संस्थांबरोबर एक कॉमन शीट, त्यात नावाऐवजी रेशन कार्डचे शेवटचे आकडे, मोबाईल नंबर, गल्ली एवढंच. शीट ओपन लिंकवर ठेवू नका, लोकांचे नंबर असतात त्यात.

सगळ्यात मागे राहतात ते ज्यांच्याकडे इथलं रेशन कार्ड नाही: नाक्यावरचे मजूर, बांधकामावरची कुटुंबं, कॉट बेसिसवर (नुसती खाट भाड्याने घेऊन) राहणारी, एमपीएससीची तयारी करणारी, मेस बंद झालेली खेड्यातली मुलं, पार्लर आणि घरकाम करणाऱ्या बायका, तृतीयपंथी, तमाशाच्या फडातले कलावंत ज्यांचा चैत्र-वैशाखातला जत्रांचा हंगामच गेला. ही माणसं स्वतःहून हात पसरत नाहीत. स्वारगेट-सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये राहणारी पोरं दोन दिवस बिस्किटं खाऊन होती पण रांगेत उभं राहायला लाजत होती, त्यांच्यासाठी मेसवाल्या काकूंनाच परत काम दिलं, डबे क्लबने पैसे देऊन घेतले, पोरांचंही पोट भरलं आणि काकूंचंही घर चाललं.

फोनवर विचारायचे प्रश्न ठरवून घ्या: घरात किती माणसं, रेशन मिळालं का आणि काय मिळालं, गॅस आहे का, लहान बाळ आहे का, रोजची गोळी कोणाला चालू आहे, ती किती दिवस पुरेल. शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका.

६. रेशन किट

किटमध्ये काय घालायचं हे घरबसल्या ठरवू नका. प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेत कार्डधारकांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत मिळत होतं, म्हणजे कार्ड असलेल्या घरात तांदूळ होता, पण तेल, तिखट, मीठ, डाळ, चहा-साखर आणि साबण नव्हता. तिथे परत ५ किलो तांदूळ नेऊन देण्यात अर्थ नाही. म्हणून दोन प्रकारची किट करा.

कार्ड असलेल्या घरासाठी: तूरडाळ, मूगडाळ, तेल, शेंगदाणे, तिखट, हळद, मीठ, साखर, चहा, कांदे-बटाटे, अंगाचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड.

कार्ड नसलेल्या घरासाठी वरचं सगळं आणि शिवाय धान्य. चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांना १० किलो धान्य म्हणजे जेमतेम, मजुरी करणाऱ्या माणसाला ते पुरत नाही, पैसे असतील तर १५ ते २० किलो द्या. गिरण्या चालू आहेत का ते बघा, नसतील तर गहू-ज्वारी देऊन उपयोग नाही, पीठच द्या. सोलापूर-मराठवाड्याकडच्या घरांना ज्वारीचं पीठ मिळालं की त्यांचा चेहराच बदलतो, बिहार-यूपीच्या कामगारांना आटा आणि मोहरीचं तेल. एवढा विचार करायला पैसे जास्त लागत नाहीत, फक्त विचारावं लागतं.

खरेदी मार्केट यार्डच्या भुसार बाजारातून किंवा तुमच्या गावातल्या होलसेल दुकानातून, पक्क्या बिलावर. पॅकिंगची जागा हवेशीर हवी, शाळेचा व्हरांडा उत्तम. वाटपाला रांग लावायची नाही. आदल्या दिवशी कुपन द्यायची, कुपनवर वेळ, एका वेळेला दहा-पंधरा माणसं, म्हातारी माणसं आणि अपंग यांना घरपोच. सहीसाठी एकच पेन सगळ्यांच्या हातात फिरतं, ते टाळायला कुपनच परत घ्यायचं, तीच पोच.

शिजवलेलं अन्न देणार असाल तर जास्त जपून. रांधल्यापासून खाईपर्यंत दोन तासाच्या वर जाऊ देऊ नका, एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच. दही, ओल्या खोबऱ्याची चटणी, उकडलेली अंडी डब्यात नको. आणि आधी बघा जवळ शिवभोजन केंद्र आहे का. ही थाळी जानेवारी २०२० मध्ये १० रुपयांना सुरू झाली, लॉकडाऊनमध्ये ५ रुपये केली आणि २०२१ च्या निर्बंधात मोफत मिळत होती. जिथे केंद्र चालू आहे तिथे आपण वेगळा स्वयंपाक मांडण्यापेक्षा लोकांना केंद्राचा पत्ता सांगायचा आणि चालता न येणाऱ्यांना तिथून डबा नेऊन द्यायचा.

फोटोबद्दल माझं मत पक्कं आहे: किट घेणाऱ्या माणसाचा चेहरा फोटोत येता कामा नये. डिस्ट्रिक्टला (क्लबच्या वरच्या संघटनेला) रिपोर्टिंग करायचं असतं, देणगीदाराला पुरावा हवा असतो, सगळं मान्य. भरलेल्या किटचा फोटो काढा, बिलाचा काढा, टेम्पो भरतानाचा काढा. कालपर्यंत कमावून खाणारा बाप पोरासमोर पिशवी घेताना पोस्टवर दिसला की परत तो तुमच्याकडे येत नाही, उपाशी राहतो. जो देणगीदार तरीही हट्ट धरतो त्याची देणगी नम्रपणे नाकारा.

७. फोन डेस्क

माझ्या मते हाच सगळ्यात मोलाचा प्रोजेक्ट आणि याला खर्च जवळजवळ शून्य. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत बेड, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर इंजेक्शन, प्लाझ्मा (बऱ्या झालेल्या पेशंटच्या रक्तातला द्रव) यांचे मेसेज मिनिटामिनिटाला यायचे आणि त्यातले बरेचसे शिळे असायचे. नातेवाईक तीस नंबर फिरवून रडकुंडीला यायचे. घरी बसलेले मेंबर इथे कामाला येतात.

डेस्कची रचना: तीन-चार तासांच्या पाळ्या, प्रत्येक पाळीत दोघं व्हेरिफाय करणारे आणि दोघं कॉल घेणारे. व्हेरिफाय करणारा प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावतो आणि शीटमध्ये लिहितो: काय उपलब्ध, किती, कोणी सांगितलं, किती वाजता. वेळ लिहिल्याशिवाय माहिती पुढे जाणार नाही. ऑक्सिजन बेडची माहिती दोन तासात जुनी होते, ती शीटमधून काढून टाका. पुणे विभागाचा बेडचा डॅशबोर्ड होता, मुंबईत वॉर्डवार वॉर रूम होत्या, तुमच्या शहरात जे काही अधिकृत असेल ते पहिलं उघडायचं आणि नातेवाईकालाही तिथेच नोंद करायला लावायची, कारण बेड शेवटी तिथूनच मिळतो.

कॉल आला की हे विचारा: पेशंटचं वय, आत्ता ऑक्सिजन किती, कधी मोजला, टेस्ट झाली का, आधीचे आजार, आत्ता कुठे आहे, सोबत कोण आहे, कुठल्या भागातलं हॉस्पिटल चालेल. ऑक्सिमीटर वापरताना नेलपेंट काढलेलं हवं, हात गरम हवा, पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोट आत ठेवायचं. ९४ च्या खाली दाखवत असेल तर घरी थांबायचं नाही, डॉक्टर. फार खाली असेल किंवा बोलताना धाप लागत असेल तर आधी १०८, बाकीचे प्रश्न नंतर.

आपण काय करायचं नाही तेही लिहून भिंतीला लावा. औषध सुचवायचं नाही. कुठलं हॉस्पिटल चांगलं यावर मत द्यायचं नाही. बेड मिळेलच असं वचन द्यायचं नाही. पेशंटचं नाव, रिपोर्ट, आधार उघड्या ग्रुपवर टाकायचं नाही, ते टाकलं की तासाभरात फसवणारे फोन सुरू होतात. आगाऊ यूपीआय करा, मग इंजेक्शन पाठवतो, असं कोणी म्हटलं की तो नंबर सरळ पोलिसांच्या सायबर शाखेला कळवा आणि शीटमध्ये लाल करा. लोक घाबरलेले असतात, पंचवीस-तीस हजार क्षणात पाठवून देतात, त्यांना थांबवणं हेसुद्धा तुमच्या डेस्कचं काम आहे.

उपचार बदलत असतात तेही लक्षात ठेवा. २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यापर्यंत सगळे प्लाझ्मा डोनर शोधत होते, मग आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) प्लाझ्मा उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांतून काढूनच टाकला. डॉक्टर सल्लागाराला आठवड्याला एकदा विचारा की आपण ज्याच्यामागे धावतोय त्याचा उपयोग अजून आहे का.

त्याच मे महिन्यात असे मेसेज फिरत होते की अमुक बाळाचे आईवडील गेले, कोणाला दत्तक हवं असेल तर या नंबरवर फोन करा. असा मेसेज कितीही कळवळून लिहिलेला असला तरी फॉरवर्ड करायचा नाही. अशी दत्तक देवाणघेवाण बेकायदा आहे आणि त्यामागे मुलांची विक्री असू शकते. १०९८ ला चाइल्डलाइनला फोन करा, ते बालकल्याण समितीपर्यंत नेतात.

साथीचा आजार नसलेले पेशंटही याच डेस्कवर येतात आणि त्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जायचं असतं आणि रिक्षा बंद, टीबीच्या गोळ्या संपल्या, एचआयव्हीचं औषध दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरला मिळतं, नववा महिना लागलेला आणि ॲम्ब्युलन्स नाही. दोन-तीन गाड्या पासासकट फक्त या कामाला ठेवा.

८. रक्तदान शिबिर

लॉकडाऊन लागला की कॉलेज, आयटी कंपन्या, मंडळं बंद होतात आणि शिबिरंच होत नाहीत, पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच, बाळंतपणं थांबत नाहीत. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने उत्सवाऐवजी आरोग्योत्सव केला, त्यात रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं होतं. मंडळांकडे माणसांचं एवढं बळ आहे की शिबिराचं काम त्यांनी घेतलं तर रक्तपेढ्यांची चिंता मिटते.

शिबिर नेहमी परवानाधारक रक्तपेढीबरोबरच, लेखी पत्र घेऊन. एकाच दिवशी पाचशे बाटल्यांचा रेकॉर्ड करायच्या नादाला लागू नका. प्लेटलेट पाच दिवस टिकतात, लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस, त्यामुळे एका दिवसात ढीग गोळा करून महिनाभर काहीच नाही, यात रक्त वाया जातं. रक्तपेढीला विचारून दर आठवड्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीस-चाळीस जणांचं छोटं शिबिर घ्या, प्रत्येकाला वेळ देऊन.

डोनर १८ ते ६५ वयाचा, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांनी तीन आणि बायकांनी चार महिन्यांचं अंतर ठेवायचं. रिकाम्या पोटी आलेल्याला आधी खायला घाला. लसीनंतर किती दिवस थांबायचं हा नियम कोविडमध्ये आधी २८ दिवस होता, मग १४ झाला. १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरच्यांना लस सुरू होणार म्हटल्यावर आधी रक्तदान मग लस असा प्रचार राज्यभर झाला, आणि तो अगदी योग्य होता. नवीन लस आली की पहिला प्रश्न रक्तपेढीला हाच विचारा. डोनरला हेल्मेट, घड्याळ असल्या भेटींचं आमिष नको, त्याने आजार लपवून येणारे वाढतात.

९. ऑक्सिजन मशीन आणि वस्तूंची बँक

मशीन क्लबने ठेवायची आणि गरजूंना ठराविक दिवस वापरायला द्यायची, म्हणून बँक. मशीन म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, तो हवेतून ऑक्सिजन वेगळा करतो, मिनिटाला ५ लिटर आणि १० लिटर असे दोन प्रकार जास्त मिळतात. विजेवर चालतो, म्हणून लोडशेडिंगच्या भागात देताना सोबत छोटा सिलिंडर किंवा इन्व्हर्टरची सोय आहे का बघा. सिलिंडरचा हिशोब नातेवाईकांना लिहूनच द्या: लहान बी टाईपमध्ये साधारण १५०० लिटर असतात, मिनिटाला ५ लिटर लावले तर पाच तास, बास. रात्री बारा वाजता संपणार हे संध्याकाळीच कळलं पाहिजे.

मशीन देताना: डॉक्टरची चिठ्ठी त्यात किती लिटर हे लिहिलेलं, पेशंट आणि नातेवाईकाचं ओळखपत्र, परत मिळणारं डिपॉझिट (ज्याला जमत नाही त्याला माफ), परत करायची तारीख आणि एका पानाचा करार. नळी प्रत्येकाला नवी. मशीनला लावलेल्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलायचं. फिल्टर धुवायचा. त्या खोलीत गॅस, उदबत्ती, निरांजन, सिगरेट काही नको, देवघर त्याच खोलीत असेल तर ते आजीला नीट समजावून सांगा. मशीन चालवायचा व्हिडिओ मराठीत करून क्लबच्या नंबरवर ठेवा. पेशंट गेला असेल तर मशीन परत मागायला लगेच फोन करू नका, तीन-चार दिवस थांबा, आणि तोपर्यंत दुसऱ्याची सोय दुसऱ्या मशीनने करा.

१०. लसीकरणाला मदत

हे काम सोपं पण वेळखाऊ. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी साइटवर सुरुवातीला एका मोबाईलवर चार जणांची नोंद व्हायची, म्हणजे फोन नसलेल्या शेजारच्या आजी-आजोबांना तुमच्या नंबरवर घेता यायचं. फक्त कोणाची नोंद कोणाच्या नंबरवर केली ते लिहून ठेवा, कारण दुसऱ्या डोसला आणि सर्टिफिकेटला तोच नंबर लागतो. ओळखपत्रावरचं नाव आणि जन्मवर्ष जसंच्या तसं भरा. पैसे घेऊन स्लॉट देणाऱ्यांपासून लांब. केंद्रावर पाणी, खुर्च्या आणि सावली यांची सोय करा, मेच्या उन्हात म्हातारी माणसं तासन्‌तास उभी असतात.

११. लाट ओसरल्यावर

इथे बहुतेक क्लब थांबतात आणि घरांना खरी गरज इथेच लागते. कोविडने माणूस गेलेल्या घराला केंद्राने ठरवलेलं ५०,००० रुपयांचं सानुग्रह अनुदान होतं, दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची ५ लाखांची मुदत ठेव होती, अशा मुलांच्या मदतीला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल होतं, बालसंगोपन योजना होती. नवरा गेलेल्या बाईला हे सगळं कोण सांगणार? टेबल टाकून बसा आणि फॉर्म भरून द्या. लागतं साधारण हे: मृत्यूचा दाखला, टेस्टचा रिपोर्ट किंवा हॉस्पिटलची कागदपत्रं, गेलेल्याचं आणि अर्ज करणाऱ्याचं आधार, बँक पासबुक, वारस असल्याचा पुरावा. दाखल्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक असेल तर अर्ज परत येतो, तो फरक आधी दुरुस्त करून घ्या. नातेवाईक कागद काढून घेऊन बाईला बाहेर ठेवतायत असं दिसलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात न्या, तिथे वकील मोफत मिळतो.

आपल्या व्हॉलंटिअरकडेही बघा. रात्री दोनला फोनवर रडणारा मुलगा आणि सकाळी त्याचे बाबा गेल्याचा मेसेज, हे वीस वर्षांच्या पोरीने किती दिवस ऐकायचं? पाळी संपली की दहा मिनिटं दोघांनी बोलायचं असा नियम ठेवा, ज्याला झोप लागत नाही त्याला डेस्कवरून काढून पॅकिंगला घ्या आणि गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

१ जुलैला क्लबचं नवीन बोर्ड (पदाधिकारी) येतं आणि जुनं सगळं विस्मरणात जातं, म्हणून इन्स्टॉलेशनच्या (पदग्रहणाच्या) आधी हे एका फोल्डरमध्ये नव्या टीमच्या हातात द्या: वस्तीतल्या ताई-दादांचे नंबर (त्यांना विचारून), रक्तपेढी आणि होलसेलवाल्याचा संपर्क, पत्रांचे नमुने, कुपनचा नमुना, मशीनचा करार, कॉमन शीटचा रिकामा साचा, हिशोबाची ऑडिट झालेली प्रत आणि मशीन कुठे ठेवली आहेत त्याचा पत्ता. मशीन दोन महिन्यातून एकदा अर्धा तास चालू करून बघायची, ते कोण करणार त्याचं नावही त्यात लिहा.